पिवळा दिवा आणि निदानाचे मोल

मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकाराचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. चावी फिरवताच तो उजळतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो विझला नाही, की मालकाच्या कपाळावर आठी पडते. गाडी गॅरेजमध्ये जाते. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर जोडतो, पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे उमटतात, आणि तासाभरात कुठला तरी सेन्सर बदलून गाडी मालकाच्या हवाली केली जाते. बिल चुकते होते, दिवा विझलेला असतो. पंधरा दिवसांनी, बहुधा एखादी जोराची सर येऊन गेल्यावर, तो पुन्हा लागतो.

एमएच ०४ आणि एमएच ०५ या क्रमांकांच्या, म्हणजे ठाणे आणि कल्याण या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. त्यावर होणारी चर्चाही ठरलेली असते. मालक म्हणतो, मिस्त्री लबाड आहे. मिस्त्री म्हणतो, यंत्राने जे सांगितले ते केले. यंत्र खोटे बोलत नाही, या विषयी मात्र दोघांचेही एकमत असते. वस्तुत: घोळ येथेच आहे. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. पण ते जे सांगते ते दोषाचे नाव नसते, दोषाच्या परिणामाचे नाव असते. त्या दोहोंमधील अंतर माणसाने विचार करून कापायचे असते, आणि त्या विचाराची किंमत द्यायला आपल्या समाजातील कोणीही सहसा तयार नसतो. सुटा भाग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचे पैसे दिले जातात. निदान दिसत नाही, म्हणून ते फुकटात हवे असते. परिणामी निदान होतच नाही.

एक टोकाचे उदाहरण

हा मुद्दा सर्वांत ठळकपणे दिसतो तो जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत. चाकरमान्यांच्या या पट्ट्यात अशा गाड्या थोड्या, हे उघड आहे. परंतु सामान्य मोटारीत विखुरलेले सारे विद्युतदोष तिच्यात एकवटलेले असतात. ती जमिनीलगत असल्याने रस्त्यावर साचलेले पाणी तिच्या पोटापर्यंत लवकर पोहोचते. छप्पर कापडी असेल तर पावसाचे पाणी आत झिरपून गालिच्याखालच्या तारांच्या जोडण्या भिजतात. ती रोज चालवली जात नाही. आठवडेच्या आठवडे आच्छादनाखाली उभी राहते, बॅटरी हळूहळू उतरते आणि उंदरांना तारांचे वेष्टन कुरतडायला निवांतपणा मिळतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचे उत्पादन अनेकदा बंद झालेले असते. तिची माहिती देणारे, सुटे भाग पुरवणारे, तिच्यावर हक्काने हात ठेवणारे असे कोणी उरलेले नसते.

मराठी मुलखाच्या आसपासचेच उदाहरण घ्यायचे तर गोव्याचे घेता येईल. सॅन मोटर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी, उघड्या छपराची मोटार बाजारात आणली. इंजिन रेनॉल्ट या फ्रेंच कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरचे, बाह्यांग फायबरग्लासचे. पुढे २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 'डीसी अवंती' लोकांसमोर आली; तिच्यातही पुढे रेनॉल्टचेच टर्बो इंजिन बसवले गेले. या दोन्ही गाड्या आता बनत नाहीत. त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यापुढे प्रश्न उभा आहे तो असा, की दिवा लागला तर जायचे कोणाकडे?

हा प्रश्न डोंबिवलीला अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा एक कारखाना याच परिसरात होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्यूजो या फ्रेंच कंपनीशी भागीदारी करून त्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही मोटार तयार होऊ लागली. काही वर्षांतच ती भागीदारी संपली आणि गाडी घेतलेले ग्राहक उघड्यावर पडले. कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही गाडी पोरकी होऊ शकते, हा धडा या शहराने तेव्हाच घेतला. त्या गाड्या पुढे जितकी वर्षे चालल्या, तितकी त्या स्वतंत्र मिस्त्र्यांच्या कसबावर चालल्या.

संकेत म्हणजे निकाल नव्हे

ज्याला गॅरेजमध्ये 'फॉल्ट कोड' म्हणतात, त्या दोषसंकेताचा जन्म मोटारमालकाच्या सोयीसाठी झालेला नाही, तो हवेच्या प्रदूषणातून झाला. कॅलिफोर्नियातील वायुनियंत्रण मंडळाने १९८८ पासूनच्या मोटारींना स्वत:च्या दोषांची नोंद ठेवण्याची सक्ती केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत संकेतांची आणि जोडणीच्या खोबणीची पद्धत एकसारखी झाली. युरोपात पेट्रोल मोटारींना २००१ पासून हा नियम लागू झाला. भारतात तो २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला आणि २०१३ पासून अधिक काटेकोर झाला. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी होती. कित्येक जपानी गाड्यांत दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडायची आणि पिवळा दिवा किती वेळा लांब, किती वेळा आखूड लुकलुकतो ते मोजायचे, अशी पद्धत होती. जुन्या स्पोर्ट्स कारसाठी आजही मिस्त्र्याला हे मोजमाप यावे लागते.

संकेताची रचना समजण्यास कठीण नाही. पहिले अक्षर 'पी' असेल तर बिघाड इंजिन वा गिअरविषयी, 'सी' असेल तर चाके, ब्रेक इत्यादींविषयी, 'बी' असेल तर बाह्यांगाविषयी आणि 'यू' असेल तर गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांच्या परस्पर संवादाविषयी. त्यापुढचा आकडा शून्य असेल तर तो संकेत सर्व कंपन्यांना समान असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वत:चा, आणि त्याचा अर्थ तिच्याच पुस्तकात सापडायचा.

आता 'पी ०११८' हा संकेत पाहू. त्याचा अर्थ असा, की इंजिनातील पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या मंडलात अपेक्षेपेक्षा अधिक व्होल्टेज आढळले. गाडीचा संगणक या सेन्सरकडे पाच व्होल्टचा पुरवठा धाडतो आणि परत किती व्होल्टेज दिसते त्यावरून तापमान ताडतो. पाणी थंड तेवढे व्होल्टेज अधिक. तार तुटली तर पूर्ण पाच व्होल्ट दिसतात आणि स्कॅनरच्या पडद्यावर तापमान उणे ४० अंश असे उमटते. ठाण्याच्या मे महिन्यात, घामाने भिजलेल्या मिस्त्र्यासमोर, गाडी उणे ४० अंश तापमान सांगत असते! येथे सेन्सर बिघडला आहे, की तार तुटली आहे, की जोडणीची पिन गंजली आहे, हे संकेत सांगत नाही. ते शोधण्याची युक्ती साधी आहे: सेन्सरची जोडणी काढून तिची दोन टोके तारेने एकत्र करायची. पडद्यावरचा आकडा एकदम उणेवरून अत्युच्च तापमानावर उडाला, तर तार आणि संगणक दोन्ही धड आहेत. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनांचा. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर बसवून काहीही साधणार नाही. पाच मिनिटांच्या या परीक्षेने एक निरर्थक खर्च टळतो.

'पी ०१७१' या संकेताची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. इंधनाच्या मानाने हवा जास्त होत आहे, एवढेच तो सांगतो. कारणे अनेक असू शकतात. हवेच्या नळीला चीर असेल, इंधनाचा पंप थकला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट असेल. तरीही बहुतेक ठिकाणी बदलला जातो तो ऑक्सिजन सेन्सर, कारण ही तक्रार त्याच्या मोजमापावरून नोंदली गेलेली असते. ज्याने आगीची वर्दी दिली त्यालाच आग लावल्याबद्दल शिक्षा करावी, तसा हा न्याय आहे.

आणि कधी कधी एकाच वेळी आठ-दहा संकेत दिसतात. ब्रेकचा, इंजिनाचा, दिव्यांचा, एकमेकांशी काही संबंध नसलेले. मालकाला वाटते, गाडी संपली. अनुभवी मिस्त्री मात्र अशा वेळी स्कॅनर बाजूला ठेवतो आणि मल्टिमीटर उचलतो. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर फिरताना हा आकडा फार खाली गेला, की गाडीतले संगणक गोंधळतात आणि मिळेल त्याविरुद्ध तक्रार नोंदवतात. दहा संकेतांमागे एक थकलेली बॅटरी, हे गॅरेजमधील नित्याचे सत्य आहे.

परतीची वाट

जुन्या गाडीच्या विद्युतदोषांत सर्वांत फसवा दोष 'अर्थ'चा. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. पत्र्याच्या मोटारीत बॅटरीच्या धन टोकापासून तार निघून दिव्यापर्यंत जाते. परतीची वाट मात्र गाडीच्या लोखंडी अंगातूनच असते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून सॅन स्टॉर्मसारख्या बाह्यांगाच्या गाडीत दिव्यांसाठी, पंख्यासाठी, सेन्सरसाठी परतीच्या तारा वेगळ्या ओढून त्या लोखंडी सांगाड्यावर किंवा इंजिनावर थोड्याच ठिकाणी बोल्टने आवळाव्या लागतात. त्यांपैकी एक बोल्ट गंजला, की अनेक उपकरणे एकदम भांबावतात. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मिणमिणतो; पुढचे दिवे लावले तर तापमानाचा काटा हलतो. संगणक मात्र प्रामाणिकपणे तापमानाच्या सेन्सरविरुद्ध तक्रार लिहितो.

ठाणे जिल्ह्याचे हवामान या दोषाला पोषक आहे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाडीवरून येणारी खारट दमट हवा, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचा शेजार, आणि दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रस्ते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे आणि खाडीचे पाणी कल्याण-डोंबिवलीच्या सखल भागांत शिरले, तेव्हा वाहनेही पाण्यात गेली. पाणी दोन दिवसांत ओसरते. तांब्याच्या तारेत वेष्टनाखाली शिरलेला ओलावा मात्र महिनोन्महिने आपले काम करत राहतो. तार बाहेरून काळी, चकचकीत दिसते आणि आत तिची हिरवी भुकटी होत असते.

असा दोष शोधायला महागडे यंत्र लागत नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचे आणि स्टार्टर फिरवायला सांगायचे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर परतीच्या वाटेत अडथळा आहे, हे निश्चित समजावे. हीच तार नुसती रोध मोजून तपासली तर अनेकदा निर्दोष ठरते. कारण दहा धाग्यांपैकी एक धागा शाबूत असला तरी मीटरच्या किंचित प्रवाहाला तो पुरतो, स्टार्टरच्या प्रवाहाला पुरत नाही. भार पडल्याशिवाय दोष उघडा पडत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच खरा वायरमन. हे ज्ञान स्कॅनरसोबत मिळत नाही.

विश्वासावर विकली जाणारी सेवा

येथवर तंत्राचा भाग झाला. प्रश्न असा, की ही तपासणी इतकी सोपी आणि स्वस्त असेल, तर ती होत का नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे.

समजा, एका सेन्सरची किंमत पाच हजार रुपये आहे आणि त्यावर मिस्त्र्याला हजार रुपये सुटतात. तो बदलायला अर्धा तास लागतो. उलट, मूळ दोष शोधायला तीन तास लागतात आणि अखेरीस सापडतो तो एक गंजलेला बोल्ट. तो घासून आवळायला सामान शून्य रुपयांचे. आता मिस्त्र्याने तीन तासांच्या मेहनतीचे दीड हजार मागितले, तर ग्राहक काय म्हणेल? "नुसता एक नट आवळायचे दीड हजार?" तोच ग्राहक सेन्सरच्या डबीवरची छापील किंमत पाहून मुकाट्याने पाच हजार मोजतो. म्हणजे ज्याने त्याचे साडेतीन हजार वाचवले त्याच्याशी तो भांडतो आणि ज्याने ते खर्ची घातले त्याचे आभार मानतो. अशा बाजारात निदान करणारा मिस्त्री टिकेल कसा? जो भाग बदलतो तो लबाडच असतो असे नाही. ग्राहकाने ज्या गोष्टीसाठी पैसे देऊ केले ती गोष्ट तो विकत असतो.

यात आणखी एक मेख आहे. नवा सेन्सर बसवताना जुनी जोडणी काढून पुन्हा घातली जाते. त्या घासण्याने पिनांवरचा गंज थोडा निघतो, संपर्क तात्पुरता सुधारतो आणि दिवा विझतो. मिस्त्र्याचीही खात्री पटते, की दोष सेन्सरचाच होता. चुकीचा उपचार लागू पडल्याचा भास होतो आणि तोच अनुभव म्हणून साठत जातो. पुढच्या गाडीला तोच उपचार होतो.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रकारच्या व्यवहाराचा विचार अर्धशतकापूर्वीच केला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. त्या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये आणखी एक प्रकार वेगळा काढला: अशा सेवा, ज्यांचा दर्जा त्या विकत घेतल्यानंतरही ग्राहकाला कळत नाही. दुरुस्ती ही त्यांतली मुख्य. सेन्सर बदलायची खरोखर गरज होती की नव्हती, हे ग्राहकाला कधीच कळत नाही. अशी सेवा केवळ विश्वासावर विकली जाते आणि जेथे विश्वास तपासण्याचे साधन नाही तेथे स्पर्धा वाढूनही लबाडी कमी होईलच असे नाही.

दोषसंकेत हे असे साधन होऊ शकले असते. संकेत अलीकडे पुसला गेला आहे का, याचाही माग त्यातून लागतो. जुनी गाडी विकणारा दिवा लागू नये म्हणून स्मृती पुसून गाडी दाखवायला आणतो; परंतु स्मृती पुसली की गाडीच्या स्वयंतपासण्या अपूर्ण असल्याची नोंदही दिसू लागते आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे निरनिराळ्या वेगांचे धावणे लागते. विक्रेता म्हणतो गाडी रोजच्या वापरातली आहे, आणि गाडी सांगते तपासण्या अपुऱ्या आहेत. असे दिसले तर खरेदीदाराने सावध व्हावे. पुरात बुडालेल्या गाड्या ज्या प्रदेशात विकायला येऊ शकतात, तेथे एवढे ज्ञान प्रत्येक खरेदीदाराला असायला हवे.

माहिती कोणाची?

तथापि सारा दोष ग्राहक आणि मिस्त्री यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. निदानाला माहिती लागते आणि माहितीच्या चाव्या कंपन्यांच्या हाती आहेत. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा स्वस्त स्कॅनर सर्वसामान्य संकेत वाचतो. परंतु कंपनीचे स्वत:चे संकेत, ब्रेक आणि एअरबॅगच्या संगणकांतील नोंदी, एखादा पंप वा पंखा स्कॅनरवरून चालवून पाहण्याची सोय, तारांचे नकाशे, हे सारे अनेकदा अधिकृत सेवाकेंद्राच्या भिंतीआडच राहते.

या प्रश्नाची तड भारतात एकदा लावण्याचा प्रयत्न झाला. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनाही उपलब्ध करून द्यावीत, असा आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, हेही त्यात होते. पुढे प्रकरण अपिलांच्या वाटेने गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि नंतर एक संकेतस्थळही सुरू केले. युरोपीय संघाने २००७ च्या नियमातच दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणे बंधनकारक केले होते, आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये प्रचंड बहुमताने हाच हक्क उचलून धरला.

कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. अर्धवट ज्ञानाच्या हाताने ब्रेकच्या संगणकात ढवळाढवळ केली तर जीव जाऊ शकतो. चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची गुपिते सर्वांना खुली केली तर चोरांचे फावेल. परंतु या अपवादांच्या आडोशाने तापमानाच्या सेन्सरचा नकाशाही कुलूपबंद ठेवणे समर्थनीय ठरत नाही. अर्धवट ज्ञानाची भीती असेल तर त्यावर इलाज पूर्ण ज्ञान देणे हाच आहे. आणि जी कंपनी गाडीचे उत्पादनच थांबवते, तिला तर गुपित राखण्यात कोणता व्यापारी लाभ उरतो? प्यूजो ३०९ किंवा सॅन स्टॉर्म यांच्यासारख्या पोरक्या गाड्यांचे तारांचे नकाशे आणि संकेतांचे अर्थ सार्वजनिक व्हावेत, अशी सक्ती सरकारने करायला हरकत नसावी. कंपनी गेली तरी गाडी राहते आणि गाडीबरोबर तिच्या धुराची व सुरक्षिततेची जबाबदारीही समाजाच्या अंगावर राहते.

स्टेशनबाहेरची स्कूटर

स्पोर्ट्स कार हा श्रीमंतांचा छंद आहे, शिक्षक-कारकुनांचा तिच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की जो दिवा त्या गाडीत आहे तोच आता त्यांच्या स्कूटरमध्ये आला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि दुचाक्यांनाही स्वत:चे दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. एप्रिल २०२३ पासून ती अधिक कडक करण्यात आली. डोंबिवली आणि कल्याण स्टेशनांबाहेर सकाळी सातला रांगेत लावलेल्या हजारो स्कूटरांत कार्बोरेटर नाही, इंधनाची फवारणी संगणक ठरवतो, आणि तोही पिवळा दिवा लावतो. दिवसभर पावसात भिजणारी ही स्कूटर आणखी दहा वर्षांनी जुनी होईल, तिच्या तारांतही हिरवी भुकटी होईल, आणि मग नाक्यावरचा मिस्त्री, ज्याने आयुष्यभर प्लग साफ करून आणि कार्बोरेटर फुंकून गाड्या चालवल्या, तो एक तर निदान करायला शिकलेला असेल, नाही तर भाग बदलणारा झालेला असेल, नाही तर त्याचे दुकान बंद झालेले असेल. यांतले काय घडावे हे ठरवण्याची वेळ आता आहे.

त्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. पहिली गोष्ट, बिलात निदानाची रक्कम सुट्या भागांपासून वेगळी लिहिली जावी आणि तिच्यासोबत चार ओळींची नोंद असावी: कोणता संकेत मिळाला, संकेत नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग व तापमान काय होते, कोणत्या परीक्षा केल्या, आकडे काय आले. ही नोंद ग्राहकाला समजली नाही तरी दुसऱ्या मिस्त्र्याला समजते आणि एवढ्यानेच पहिल्याची जबाबदारी वाढते. दुसरी गोष्ट, काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती देण्याचा रिवाज पाळला जावा. तिसरी गोष्ट शासनाने करायची. ठाणे आणि अंबरनाथसारख्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तेथे कामधंद्यावर असलेल्या मिस्त्र्यांसाठी सायंकाळचे वर्ग सुरू करता येतील. व्होल्टेजची घट मोजणे, तारांचा नकाशा वाचणे, संकेतावरून परीक्षांचा क्रम ठरवणे, हे शिकवायला इमारत लागत नाही. दोन जुनी इंजिने, काही मल्टिमीटर आणि शिकवण्याची आवड असलेला एक निदेशक पुरतो.

चौथी गोष्ट मात्र ग्राहकाच्याच हातात आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. डॉक्टरने तपासून 'काही नाही, दोन दिवस विश्रांती घ्या' असे सांगितले, तर आपण त्याची फी कापत नाही; उलट हायसे वाटून ती देतो. औषध लिहून दिले नाही म्हणून तपासणी फुकट होती, असे कोणी म्हणत नाही. गॅरेजमध्ये मात्र हीच गोष्ट उलटी घडते. तीन तास गाडीखाली आडवा पडून ज्याने एक गंजलेला बोल्ट शोधला, त्याचे हात रिकामे दिसतात, म्हणून त्याची मेहनतही रिकामी समजली जाते. पुढच्या वेळी पिवळा दिवा लागला आणि मिस्त्री म्हणाला, "साहेब, काही बदलावे लागले नाही, अर्थ सुटला होता", तर त्याला त्याच्या तीन तासांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. एवढे झाले तरी त्या गॅरेजमध्ये निदान टिकेल, आणि शेजारच्या गॅरेजला ते शिकावे लागेल.